सुकापूरच्या सहा बाटल्या

माझा भाऊ दिनकर मंगळवारी सकाळी नऊ वाजता पनवेलजवळच्या सुकापुरात वारला. मी तेव्हा सोलापुरात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. फोन बळीरामचा होता. बळीराम दिनकरचा घरमालक. त्याने विचारले, थांबू का. मी म्हटले, थांबू नका. अग्नी त्यानेच दिला.

मी निघाले ते दहाव्या दिवशी संध्याकाळी. मे महिना होता आणि ग्रंथालयात पुस्तकांची पडताळणी चालू होती, असे मी विचारणाऱ्या सगळ्यांना सांगितले. पडताळणी खरोखरच चालू होती, पण ती माझ्यावाचून अडली नसती.

दिनकरविषयी थोडे सांगायला हवे. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. लग्न त्यानेही केले नाही, मीही नाही. उरणच्या बाजूला बंदरावर जो माल उतरतो त्याची पाहणी करणारा तो सर्व्हेअर होता. भिजलेला कापूस, गंजलेली यंत्रे, तडकलेल्या फरशा पाहायच्या आणि नुकसान किती झाले याचा अहवाल लिहायचा. एकदा थंड ठेवायचा एक कंटेनर वाटेत बंद पडला आणि त्यातली फ्रान्सची वाईन तापली. तो अहवाल लिहिण्यासाठी दिनकरने वाईनवरची पुस्तके आणून वाचली. आमच्या घरात कुणी दारूला शिवले नव्हते. त्या एका अहवालाने मात्र त्याला वेड लावले.

पुढे त्याने एका आयातदाराकडून रीतसर परवान्यावर बारा बाटल्या घेतल्या. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतात वाईन करणाऱ्या एकाच थोर घराण्याच्या. सहा होत्या सन दोन हजारच्या. त्या सालाचे जगभर कौतुक झाले होते. उरलेल्या सहा सत्त्याण्णवच्या. त्या वर्षी वेलींना फुलोरा वेळेआधी आला, घड एकसारखे पिकले नाहीत, आणि जाणकारांनी ते साल कमकुवत ठरवले.

यावरून आमचा पत्रांतून सात वर्षे वाद चालला. वाद वाईनचा नव्हता, माझ्या पुस्तक-निवडीचा होता. माझा नियम असा, की चांगल्या लेखकाचे फसलेले पुस्तक ग्रंथालयासाठी घ्यायचे नाही. कपाटे थोडी असतात. तिथे नवख्याचे बरे पुस्तक बसू शकते. दिनकर लिहायचा, ‘ताई, चांगल्या पुस्तकात पुस्तकच दिसते. लेखकाचा हात बघायचा तर फसलेले वाचावे.’ शेवटी त्याने तोडगा काढला. मी पनवेलला यायचे, दोन्ही सालांची एकेक बाटली शेजारी ठेवून उघडायची, आणि मी निकाल द्यायचा. ‘तू पीत नाहीस, म्हणून तुझा निकाल निःपक्षपाती. कमकुवत साल घ्यायला नको होते असे तू म्हणालीस तर मी पुन्हा वाद घालणार नाही.’ मी दर वर्षी उत्तर पाठवायचे, या दिवाळीत नक्की येते.

गेल्या सप्टेंबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. मी दवाखान्यात फोन केला तेव्हा विचारले, कसा आहेस. तो म्हणाला, “पुस्तक.” जेवलास का, विचारले. तो म्हणाला, “पुस्तक.” मी फोन ठेवला. ज्या माणसाची सतरा-सतरा पानांची पत्रे मला यायची, तो आता राहिला नाही, असे मी मनाशी ठरवले. त्यानंतर महिन्यातून एकदा बळीरामला फोन करायचे. कसा आहे, विचारायचे. तो म्हणायचा, हायेत तसेच. मी अंथरूण डोळ्यांपुढे आणायचे आणि फोन ठेवायचे. आठ महिने मी गेले नाही.

निकाल द्यायचा राहिला होता. निदान तेवढा द्यावा म्हणून मी बसमध्ये बसले.

सकाळी सहाला ड्रायव्हरने पळस्पे फाट्यावर उतरवले. बस पनवेल स्टँडला जात नाही हे तिकीट देताना कुणी सांगितले नव्हते. गोव्याचा रस्ता इथे पुणे-मुंबई रस्त्यापासून फुटतो. कंटेनर लादलेले ट्रेलर एकामागून एक वळत होते आणि प्रत्येक वळणाला जमीन हादरत होती. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा होता. उन्हाने अजून जोर धरला नव्हता, तरी हवेत दमटपणा होता, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या मला दोन मिनिटांत घाम फुटला.

रिक्षावाल्याने विचारले, सुकापुरात कुठली बिल्डिंग. बिल्डिंग नाही, घर, मी सांगितले, बळीरामचे.

“मच्छीवाल्या हिराबाईचं बोला ना,” तो म्हणाला. “बळीरामला कोण ओळखतो?” मग आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाला, “ते काका वारले, त्यांचे तुम्ही कोण?”

“बहीण.”

त्याने आधी एक ट्रेलर पुढे जाऊ दिला. मग म्हणाला, “रोज सकाळी मीच सोडायचो त्यांना. हिराबाईच्या टोपल्यांबरोबर, मार्केटला.”

मला वाटले, तो दुसऱ्या कुणाविषयी बोलतो आहे. माझा भाऊ आजारी होता, मी म्हटले. हो, तेच ते, तो म्हणाला. एक हात असा धरलेले, पेपर वाचत बसायचे. गिऱ्हाइकाने मासा उलटून पाहिला की डोळे वटारायचे. बोलायचे नाहीत, पण बायका त्यांना वचकून असायच्या.

पुढच्या दहा मिनिटांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय होते ते मला सांगता येणार नाही. उंच नव्या इमारती असाव्यात, सुकापूर आता त्यांचेच झाले आहे. मी मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होते. अंथरुणावर पडलेला जो दिनकर मी आठ महिने डोळ्यांपुढे ठेवला होता, तो कधी नव्हताच.

बळीरामचे घर दुमजली, खाली ते दोघे, वर दिनकरच्या दोन खोल्या. ही मंडळी मूळची उरणकडच्या खाडीकाठची कोळी. खाडीवर बंदर आले, तेव्हा बळीराम बंदराच्या फाटकावर नोकरीला लागला, आणि तिथेच त्याची आणि दिनकरची ओळख झाली. हिराबाईंनी मासळीचा धंदा सोडला नाही. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलताना हात न थांबणाऱ्या बाई. मला पाहून त्यांनी हात पुसले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “तुमचं नाक त्यांच्याच सारकं हाय.” मग मी मासे खात नाही हे त्यांना माहीत असल्याचे सांगून त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे (मोड आणून सोललेल्या वालाची आमटी) पुढे ठेवले. सकाळचे सात वाजले होते. मी पुष्कळ खाल्ले. बसप्रवासात काहीच खाल्ले नव्हते.

मी बाटल्यांविषयी विचारले. हिराबाई उठल्या आणि मला परसात घेऊन गेल्या. तिथे पत्र्याच्या सावलीत एक निळा टप (मासळी बर्फात ठेवायचा जाड प्लास्टिकचा डबा) होता. त्यांनी झाकण काढले. वर बर्फाचा चुरा, एका कडेला बोंबील, आणि मधोमध सहा बाटल्या.

“वरती ते एसी लावून ठेवायचे,” हिराबाई म्हणाल्या. “ते गेले, आमी एसी बंद केला. मग वाटलं, उनानं नासतील. बरफात काय पन टिकतं. रोज बरफ बदलते मी.”

मी एक बाटली बाहेर काढली. हाताला लेबलाचा लगदा लागला. दुसरी काढली, तिच्यावर तोही नव्हता, नुसती हिरवी काच. सहाही बाटल्या एकसारख्या काळपट, ओल्या आणि नागड्या. तळाच्या पाण्यात कागदाचे कपटे तरंगत होते, आणि एका बोंबलाच्या पाठीवर एक सोनेरी अक्षर चिकटले होते.

दिनकरने सात वर्षे ठरावीक गारव्यात, आडव्या निजवून ठेवलेल्या बाटल्या. हिराबाईंना काय सांगावे? दहा दिवस, रोज, स्वतःच्या धंद्यातला बर्फ त्यांनी या बाटल्यांवर घातला होता. मासळीच्या घरात एखादी वस्तू जिवापाड जपायची म्हणजे ती बर्फात ठेवायची. मी म्हटले, फार चांगले केलेत.

“बारा होत्या ना?” मी मग विचारले.

“सहा फुटल्या, संगीच्या हळदीला,” त्या म्हणाल्या. संगी ही त्यांची मुलगी, फेब्रुवारीत तिचे लग्न झाले. कुठल्या सहा उघडल्या, असे मी विचारले तेव्हा त्या टोपली डोक्यावर चढवत होत्या. त्यांनी दिल्या त्या, असे म्हणून त्या गेल्या. मार्केटला उशीर झाला होता.

म्हणजे सन दोन हजारच्या किती उरल्या आणि सत्त्याण्णवच्या किती, हे त्या सहा बाटल्यांकडे पाहून कुणालाही सांगता आले नसते.

सकाळी दहाला बळीरामने मला मोटारसायकलवर बसवून बंदराजवळच्या द्रोणागिरीला नेले. दिनकरचे काही सामान तिथल्या गोदामाच्या कचेरीत होते. रस्ते रुंद, आखलेले आणि रिकामे. दोन्ही बाजूंना तिवरांची झुडपे, मधे कोरडी पडलेली मिठागरे, आणि लांबवर एकावर एक रचलेले लाल, निळे, हिरवे कंटेनर. एका गोदामाच्या भिंतीपाशी बळीरामने गाडी हळू केली आणि हनुवटीने दाखवले. “हितं पानी होतं. मी पोरपनी हितं जाळं टाकायचो.” मग त्याने गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

गोदामाचे व्यवस्थापक सावंत म्हणून होते, गोल चेहऱ्याचे, बोलके गृहस्थ. परदेशातून आलेली दारू जकात भरेपर्यंत त्यांच्या ताब्यात असते. दिनकरला ते सर म्हणत. वाईन उघडायची कशी, वास कसा घ्यायचा हे सरांनी आम्हाला शिकवले, असे त्यांनी सांगितले. मी बर्फाची हकिगत सांगितली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले.

“मच्छीच्या बर्फात? मॅडम, सर असते तर हसून हसून पडले असते,” ते म्हणाले. मग विचारले, “मीठ तर नव्हतं ना घातलं बर्फात?” नव्हते, मी म्हटले. मग अजून आशा आहे, ते म्हणाले. मिठाने बर्फ फार थंड होतो, वाईन गोठून फुगते आणि बूच वर सरकते. साल कळायला एकच मार्ग उरला होता. असल्या घराण्याच्या बुचावर घराण्याचे नाव आणि साल छापलेले असते. पण बूच काढले की बाटली ठेवता येत नाही.

मी त्यांना आमच्या वादाविषयी विचारले. थोर घराण्याची, पण कमकुवत सालाची बाटली घ्यावी की नाही? सावंतांनी जे सांगितले ते मला समजले तसे लिहिते. चांगल्या साली त्या प्रांतातल्या आळशी माणसाचीही वाईन बरी होते. तेव्हा मोठ्या नावासाठी जास्त मोजण्याची तितकी गरज नसते. वाईट साली मात्र आळशाच्या बाटलीत पाणी असते. थोर घराणे कच्चे घड फेकून देते, जे मनास येत नाही ते दुसऱ्या, हलक्या नावाने विकते, आणि स्वतःच्या नावाने थोड्याच बाटल्या भरते. म्हणून वाईट साली नाव पाहूनच घ्यावे. मात्र भाव खरोखर उतरलेला हवा. पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा सत्त्याण्णव महागच होते. लोकांनी पाठ फिरवल्यावर ते खाली आले. इथल्या हॉटेलांतली गिऱ्हाइके सालांचा तक्ता पाहून बोलतात. सत्त्याण्णव दिसले की हात मागे घेतात. तो माल गोदामात पडून राहिला, म्हणून दिनकरला मिळाला.

“एक गोष्ट मात्र आहे, मॅडम,” सावंत म्हणाले. “मोठं साल वाट बघतं. वीस वर्षं, तीस वर्षं. हे साल नाही बघत. ते लवकर तयार होतं आणि लवकर जातं. मी सरांना दर दिवाळीला सांगायचो, सर, संपवा आता त्या. ते म्हणायचे, ताई येणार आहे.”

मी टेबलावरचा दिनकरचा चष्मा, मोजमापाची टेप आणि दोन वह्या पिशवीत घातल्या. सावंतांनी चहा मागवला होता. मी तो संपवला की नाही हे आठवत नाही. बाहेर आल्यावर ऊन इतके होते की मोटारसायकलची गादी हाताला चटका देत होती.

पनवेलमध्ये बूच काढायचे यंत्र घ्यायला बळीरामने मला दारूच्या एका दुकानापुढे सोडले आणि तो गाडी सावलीत लावायला गेला. मी कधी अशा दुकानाच्या पायरीवर चढले नव्हते. तीन माणसे बाजूला सरली. दुकानदार तरुण होता, त्याला मी आईच्या वयाची वाटले असावे. त्याने काय हवे ते विचारले. बूच काढायचा स्क्रू, मी म्हटले, आणि परवाना.

“कसला परवाना, मावशी?”

प्यायला परवाना लागतो असे मी वाचले होते. लागतो, तो म्हणाला, पण मागायला कुणी येत नाही. त्याने फळीवर शोधून एका दिवसाच्या परवान्यांचे पुस्तक काढले. त्याच्यावर धूळ होती. मी आयुष्यभर वाचकांकडे कार्ड मागितले आहे. कार्डाशिवाय पुस्तक दिलेले नाही. म्हणून मी तिथे उभी राहून नाव आणि वय एकोणसाठ असे लिहिले. मागचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, बघ, शिकलेली माणसं कशी पितात. स्क्रू मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो शेजारच्या भांड्यांच्या दुकानात मिळाला.

दुसऱ्या दिवशी बारावा होता. विधी आमच्याकडच्या पद्धतीने करायचा की कसे, असे हिराबाईंनी मला आदल्या दिवशी विचारले होते. मी म्हटले, ज्यांनी अग्नी दिला त्यांच्या पद्धतीने करा. त्यांच्या घरात गेलेल्या माणसापुढे त्याच्या आवडीचे पान मांडतात आणि तो घेत असेल तर थोडी दारूही ठेवतात. म्हणजे एक बाटली तशीही उघडायचीच होती. मी म्हटले, दोन उघडू.

दुपारी बाराच्या सुमारास हिराबाईंनी केळीचे पान मांडले. भात, वालाचे बिरडे, तळलेले बोंबील, जवळ्याची (बारीक सुकवलेल्या कोळंबीची) चटणी. मी टपातून दोन बाटल्या निवडल्या. सहांपैकी एकीत वाईन जराशी खाली गेली होती, म्हणून ती घेतली. आणि जिच्यात ती गळ्यापर्यंत होती अशी दुसरी. मनात हिशेब असा, की जी खाली गेली ती जुनी, सत्त्याण्णवची. दुसरी दोन हजारची. बळीरामने मासे साफ करायच्या सुरीने वरचे वेष्टण कापले आणि स्क्रू फिरवला. पहिले बूच अर्धे तुटले, मग आले. दोन्ही बुचे काळी, चिकट झाली होती. मी ती वाचली नाही, ताटलीखाली ठेवली. निकाल आधी, साल नंतर, असे दिनकरला आवडले असते.

पानापुढे दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. मग स्टीलच्या दोन पेल्यांत माझ्यासाठी. बळीरामने वाकून वास घेतला आणि मागे सरला.

मी प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा. काय चव लागली ते लिहिणे अवघड आहे. पहिल्या पेल्याला ओल्या मातीचा आणि पेन्सिल तासल्यावर येतो तसा वास होता. जिभेवर ती पातळ होती, पण मोडून पडत नव्हती. गिळल्यावरही थोडा वेळ तिथेच राहिली. दुसरा पेला मला जाडसर वाटला, जास्त तुरट, अधिक वजनाचा. मी दोन्ही पुन्हा चाखले. माझा निकाल झाला होता. मी तो हिराबाई आणि बळीरामला सांगितला, कारण तो कुणाला तरी ऐकू जायला हवा होता.

“दुसरी मोठ्या सालाची. ती जास्त चांगली आहे, यात शंका नाही. पण पहिली घेतली यात दिनकरची चूक झाली नाही.”

मला हा निकाल फार न्यायी वाटला. थोडे त्याला दिले, थोडे माझ्याकडे ठेवले. मग मी बुचे पुसली. पहिल्यावर घराण्याचे नाव, खाली १९९७. दुसऱ्यावर घराण्याचे नाव, खाली १९९७.

मी दुसरे बूच उजेडात नेले. चष्मा पुसला. सातच होता.

ज्या दोन बाटल्यांत मला स्पष्ट, निःशंक फरक लागला, त्या एकाच सालच्या, एकाच खोक्यातल्या होत्या. थोरपण मी मनानेच घातले होते. ग्रंथालयात तीस वर्षे मी पुस्तके पारखली, आणि त्या घटकेला माझ्या मनात आले, की त्यांतली किती मी मुखपृष्ठ झाकून ओळखली असती.

“हळदीला कुठल्या बाटल्या दिल्या त्याने?” मी हिराबाईंना विचारले. या वेळी त्या कुठे जायच्या नव्हत्या. त्या पानाशेजारी बसल्या.

“दोन खोके होते, ताई. एक त्यांनी सोता खाली आनला. एका हातानं, एकेक बाटली, सहा खेपा. जिना उतरायला कोनाचा हात घेतला नाय.” मग त्या हसल्या. हळदीच्या मांडवात साठ-सत्तर माणसे होती. त्यांच्या दिराने ती वाईन बर्फ आणि फसफसणारे काळे सरबत घालून वाटली. कुणाला आवडली नाही. दीर म्हणाला, ही चढत नाय, उतरत नाय, नुसतं तोंड आंबट करते, भाऊ, हे औशद कुनी दिलं तुमाला. दिनकर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याने त्या सहाही बाटल्या संपवायला लावल्या.

दोन हजारच्या. ज्या तीस वर्षे थांबल्या असत्या.

“आणि दुसरे खोके?” मी विचारले.

“त्याला माझ्या दिरानं हात लावला, तर फटका मारला त्यांनी त्याच्या हातावर. बोलले, ताई.”

“काय म्हणाला?”

“ताई,” हिराबाई म्हणाल्या. “त्यांना शब्द गावायचे नाय ना. चा पुस्तक, मासा पुस्तक, मी बी पुस्तक. पन त्या खोक्याला ताई. एकदा नाय, लई वेळा. वर सांजच्याला बसायचे त्याच्याजवळ. मला वाटलं, तुमाला सांगितलं असंल आमच्या ह्यांनी फोनवर.”

बळीराम खाली पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला, “तुमी कवा त्यांच्याशी बोलते म्हनला नाय. मला वाटलं, तुमाला तरास होतो.”

त्याचे बरोबर होते. मला त्रास होत होता.

दिनकरने मला एकदाच, पक्षाघाताआधी, लिहिले होते की मोठ्या सालाची बाटली कुणालाही कळते. मला वाटले होते, हा त्याचा नेहमीचा टोमणा. मांडवातल्या साठ माणसांना ती कळली नाही हे खरे. पण त्याने आपल्याजवळचे सर्वांत मोठे होते ते तिथे, ज्या घराने त्याला सांभाळले त्या घराला दिले. आणि ज्या थांबत नाहीत त्या माझ्यासाठी थांबवून ठेवल्या. त्या दर महिन्याला थोड्या थोड्या जात होत्या हे त्याला आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त माहीत होते.

मी दोन्ही पेले संपवले. डोके जड झाले नाही. हिराबाईंनी थोडी चाखली आणि म्हणाल्या, हळदीच्यापेक्षा ही बरी, गळ्यात लागत नाय. अनुभवी जाणकारही कदाचित हेच म्हणाला असता. पानावरचा भात आणि बोंबील मग त्यांनी परसात नेऊन ठेवले.

संध्याकाळी मी वरच्या खोल्या आवरल्या. पुस्तके लेखकांप्रमाणे लावलेली होती, प्रत्येकाची सगळी, गाजलेली आणि पडलेली शेजारीशेजारी. एसीखाली रिकामे लाकडी खोके होते. त्याच्याजवळ एक खुर्ची. मी त्या खुर्चीत थोडा वेळ बसले. खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीचा अर्धा बांधलेला जिना दिसत होता, आणि त्याच्यावर वाळत घातलेले कपडे.

परतीच्या दिवशी उरलेल्या चार बाटल्यांपैकी दोन मी हिराबाईंकडे ठेवल्या. दोन त्यांनी थर्माकोलच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. खोके मासळीचे होते आणि धुतले तरी वास जात नव्हता. बस लोणावळ्यापर्यंत पोचेतो पुढच्या बाईंनी दोनदा वळून पाहिले. कामशेतनंतर कंडक्टर आला आणि म्हणाला, मावशी, सुकट आहे का? गाडीच्या टपावर टाकू. नको, मी म्हटले, मांडीवर धरते. मग मी ते खोके सोलापूरपर्यंत मांडीवर धरले, आणि शेजारचा माणूस भिगवणला उठून मागे गेला.

वाचकांनी विचारले तर, वाईनविषयी मला आता सांगता येईल ते एवढे. चांगल्या घराण्याची कमकुवत सालाची बाटली मिळाली, आणि भाव खरोखर उतरला असेल, तर घ्यावी. तिच्यात हात दिसतो. पण ती घेऊन ठेवू नये. ज्याच्याबरोबर प्यायची तो माणूस ठरलेला असेल तर त्याला बोलवावे. येत नसेल तर आपण जावे.

जूनमध्ये मी एक बाटली एकटीने, रात्रीच्या जेवणाबरोबर उघडली. तिचा रंग विटकरी झाला होता आणि चव व्हिनेगरसारखी. बर्फाने ती गेली, की वयाने, हे सावंतांनाही फोनवर सांगता आले नाही. मी ती तशीच अर्धा पेला प्यायले आणि बाकीची ओतून दिली.

हिराबाई आणि बळीराम येत्या रविवारी तुळजापूरहून परत जाताना माझ्याकडे जेवायला थांबणार आहेत. एक बाटली उरली आहे. ती आंबली आहे की नाही, मला माहीत नाही. रविवारी उघडणार आहे.